खांद्याच्या बेकनचे काप: काकांना आभाराचे पत्र

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

घरी मीठ मुरवून धुरी दिलेल्या डुकराच्या खांद्याच्या मांसाचे, म्हणजे खांद्याच्या बेकनचे, काप कसे करावेत, हे आपण मला ज्या बारकाईने शिकवलेत, त्याबद्दल हे उघड पत्र लिहीत आहे. मीठ, साखर, धुरीसाठीचे हिकरीचे लाकूड आणि तापमान यांवर पाककृतींमध्ये पानेच्या पाने असतात, आणि शेवटी ‘थंड झाल्यावर पातळ काप करावेत’ एवढ्या वाक्यात विषय आटोपला जातो. वसईहून कॅन्सस सिटीत येऊन आपण मांसाच्या दुकानात उमेदीची वर्षे घालवलीत, म्हणूनच त्या एका वाक्यात किती काम दडलेले असते हे आपल्याला ठाऊक होते.

पोटाकडच्या मांसात चरबी आणि स्नायू यांचे थर एकमेकांवर सपाट पसरलेले असतात. खांद्यात मात्र अनेक लहानमोठे स्नायू एकत्र आलेले असतात, प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेने धावतात आणि मधल्या सांध्यांत चरबी व चिवट पडदे असतात. हाच खांदा पुल्ड पोर्कसाठी, म्हणजे धागे सोडवून खायच्या मांसासाठी, मंद आचेवर ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास नेला, की त्या पडद्यांतील कोलॅजन हे चिवट प्रथिन विरघळते आणि मांस बोटांनी सुटते. बेकन मात्र आतून साधारण ६५ अंशांवर पोहोचताच उतरवतात, त्यामुळे ते पडदे जवळजवळ तसेच राहतात. आपल्याकडच्या इंद्यालमध्ये, म्हणजे डुकराच्या मांसाच्या रश्श्यामध्ये, लहान तुकडे बराच वेळ शिजतात आणि धाग्यांची दिशा कोणी विचारत नाही, असे आपण हसत म्हणाला होतात. बेकनमध्ये ते धागे आखूड करण्याचे काम सुरीलाच करावे लागते, हे मला तेव्हा नीट उमगले.

म्हणूनच आपली शिकवण मांस कच्चे असतानाच सुरू झाली. फऱ्याचे चपटे हाड काढल्यावर आपण खांदा नैसर्गिक सांध्यांवरून उघडलात आणि त्याच्या दोन लाद्या केल्यात. हाडाच्या विरुद्ध टोकाचा, चरबीच्या रेषा असलेला भाग, ज्याला इथले बार्बेक्यू स्पर्धक ‘मनी मसल’ म्हणतात, तो आपण वेगळा ठेवलात. मग प्रत्येक लादीचा एक कोपरा धाग्यांना बरोबर आडवा छाटलात. धुरीनंतर पृष्ठभाग काळपट होतो आणि धागे दिसेनासे होतात. तेव्हा सुरी कोठून लावायची हे तो छाटलेला कोपराच सांगतो. या विभागणीचा आणखी एक लाभ असा, की जाडी सारखी असल्याने किलोमागे अडीच ग्रॅम गुलाबी क्युअरिंग मीठ (मांस टिकवण्यासाठीचे नायट्राइटयुक्त मीठ) आणि साधे मीठ सगळीकडे सारखे मुरते.

धुरीनंतर लादी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि कापण्याआधी तासदोन तास फ्रीजरमध्ये, हा आपला दंडक मी आता मोडत नाही. कडा ताठ व्हाव्यात, पण मध्यभाग बोटाने दाबल्यास किंचित दबावा. मिठामुळे हे मांस शून्याच्या खालीच गोठते, त्यामुळे या अवस्थेत ते घट्ट असूनही कापता येते. मऊ लादीची चरबी पात्याला चिकटते आणि स्नायू सांध्यांवर सुटून काप फाटतात. पूर्ण गोठलेल्या लादीवरून सुरी घसरते, आणि त्या घसरणीत बोट जाण्याचा धोका असतो. साधारण तीस सेंटिमीटरची, सरळ आणि अरुंद पात्याची सुरी घ्यावी, ती लांब ओढीने आपल्याकडे खेचावी, करवतीसारखी पुढेमागे रेटू नये आणि दर चार-पाच कापांनी पाते कापडाने पुसावे. लादीच्या मध्यात धाग्यांची दिशा वळली, की तिथेच थांबून लादी फिरवावी. बहुतेक जण सवयीने सरळच कापत जातात आणि तेथूनचे काप चामड्यासारखे होतात.

जाडीबाबत मात्र माझे आपल्याशी थोडे मतभेद आहेत. आपण सगळ्याच कापांना तीन मिलिमीटर सांगता; मला चरबी कमी असलेल्या लादीसाठी दोन मिलिमीटर बरे वाटतात, आणि मनी मसलसाठी चारदेखील चालतात, कारण तेथील चरबी तव्यावर सुटून मांस ओलसर ठेवते. बेकन आधीच शिजलेले असल्यामुळे त्याला थंड तव्यावर ठेवून मंद आचेवर फक्त रंग आणायचा असतो. पोटाच्या बेकनसारखे ते कुरकुरीत होईपर्यंत थांबले, तर मांस कोरडे पडते आणि साखरही जळते.

कडेच्या वाळक्या पापुद्र्याचे तुकडे आपण राजम्याच्या पातेल्यात टाकायला सांगितले होते. ते मी वालाच्या बिरड्यात घातले. घरातील ज्येष्ठांना हे सांगितलेले नाही, पण त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आपण वेळ काढून माझ्या स्वयंपाकघरात उभे राहिलात, सुरी माझ्या हाती दिलीत आणि सांध्यांवरून माझे बोट फिरवून दिशा ओळखायला शिकवलेत, याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे. सध्या मुरत असलेल्या खांद्यातील मनी मसल आपल्यासाठी राखून ठेवला आहे. तो आपल्याच हिशेबाने, तीन मिलिमीटर जाडीने कापून पोहोचवीन.

आपला कृतज्ञ,
आपला शेजारी