कोटाचा लाल धागा

सातारा,
दि. १६ ऑक्टोबर

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोहोचल्याचे फोनवर कळवलेच आहे. पण त्या गुरुवारी तू कामावर गेल्यानंतर आम्ही दोघांनी पॅरिसमध्ये काय केले, याचा नीट वृत्तांत द्यायचा राहून गेला. रात्री तू दमून आलीस, "ऑर्से झाले का पाहून?" एवढेच विचारलेस, आणि तुझ्या आईने "झाले" म्हणून सांगून टाकले. ते खरे नव्हते. ऑर्से संग्रहालयाच्या अंगणापर्यंत आम्ही गेलो होतो, पण पाहिले ते त्याच्या समोरचे संग्रहालय.

तुझ्या चिठ्ठीप्रमाणे शुआझीच्या स्टेशनावर आम्ही सी मार्गाची दुमजली गाडी पकडली. तिथल्या गाड्यांना रोमन लिपीतली चार अक्षरी नावे असतात. आमच्या गाडीचे नाव 'विक' निघाले, आणि आईला एकदम सर्दीच्या मलमाची आठवण झाली. समोरच्या बाकावर गडद कोटातले एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्या डाव्या कॉलरच्या काजात एक बारीकसा लाल धागा दिसत होता. आई मला म्हणाली, "अहो, त्यांच्या कोटाची शिवण उसवली आहे, सांगा ना त्यांना." मला फ्रेंच येत नाही म्हणूनच मी गप्प बसलो. सँ-मिशेलच्या फलाटावर भिंतीतल्या झरोक्यांतून सीन नदी दिसली आणि त्यापुढचेच स्टेशन आमचे होते.

ऑर्सेसमोरची रांग पाहूनच आईच्या गुडघ्यांनी नकार दिला. अंगणात हत्ती, गेंडा आणि घोडा यांचे भलेमोठे पुतळे आहेत, ते १८७८च्या जागतिक प्रदर्शनासाठी घडवलेले. त्या हत्तीजवळ बसून आम्ही तू डब्यात दिलेली थालीपिठे खाल्ली. खाता खाता समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली: लीजन ऑफ ऑनर आणि सरदारी मानचिन्हांचे राष्ट्रीय संग्रहालय. (लीजन ऑफ ऑनर म्हणजे फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान.) प्रवेश विनामूल्य. बुधवार ते रविवार, दुपारी एक ते सहा. त्यातला 'विनामूल्य' हा शब्द मी आईला दोनदा वाचून दाखवला, हे कबूल करतो.

या इमारतीचे नाव ओतेल द साल्म. साल्म-किरबुर्ग या जर्मन संस्थानाच्या राजपुत्रासाठी ती १७८०च्या दशकात बांधली गेली. बांधकाम चालू असताना अमेरिकेचे राजदूत थॉमस जेफरसन नदीपलीकडच्या त्विलरी बागेत येऊन बसत आणि मान वळवून तिच्याकडे इतका वेळ पाहत राहत, की घरी परतताना त्यांची मान अवघडलेली असे. ही हकीकत त्यांनीच १७८७च्या एका पत्रात लिहून ठेवली आहे. आज नदीकाठी, पादचारी पुलाच्या तोंडाशी, त्यांचा पुतळा उभा आहे. त्या हौशी राजपुत्राला मात्र १७९४ मध्ये गिलोटिनवर जावे लागले. १८०४ मध्ये वास्तू लीजनकडे आली, १८७१च्या कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या उठावाच्या, धुमाळीत जळाली, आणि मानकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढून ती पुन्हा उभी केली. संग्रहालय १९२५ पासूनचे आहे.

आतल्या काचपेट्यांतून सर्वांत आधी भेटतात ती जुन्या राजवटीतील चिन्हे. तिसऱ्या हेन्रीने १५७८ मध्ये स्थापलेल्या पवित्र आत्म्याच्या संघात जेमतेम शंभर जणांना जागा होती आणि तीही घरंदाज कॅथलिक सरदारांनाच. खाली झेपावणारे कबुतर कोरलेला त्यांचा क्रूस निळ्या फितीला लटकत असे. या निळ्या फितीवरूनच उत्तम स्वयंपाक करणाऱ्याला 'कॉर्दों ब्ल्यू' म्हणू लागले, असे सांगतात. हे ऐकून आईने "मग माझी फीत कुठे आहे?" असे विचारले, आणि मी पुढच्या पेटीकडे वळलो. चौदाव्या लुईने १६९३ मध्ये काढलेल्या सेंट लुई मानचिन्हासाठी घराण्याची अट नव्हती, पण ते फक्त सैन्यातील अधिकाऱ्यांसाठी होते. साध्या शिपायाला, गणितज्ञाला किंवा वैद्याला यांतले काहीच मिळण्यासारखे नव्हते.

फ्रेंच राज्यक्रांतीने १७९१ आणि १७९२ मध्ये ही सारी मानचिन्हे रद्द केली. सगळे नागरिक समान, मग छातीवर चकाकते काही कशाला, हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो. म्हणूनच दहाएक वर्षांनी, १९ मे १८०२ रोजी, नेपोलियनने लीजन ऑफ ऑनर हे नवे मानचिन्ह काढले तेव्हा जुने क्रांतिकारक खवळले. हे तर नुसते खुळखुळे, असे कोणी म्हणाल्यावर "माणसांना खुळखुळ्यांनीच चालवावे लागते" असे उत्तर त्याने दिले, अशी आठवण त्याच्या एका सहकाऱ्याने नोंदवली आहे. माणूस बेरकी होता खरा, पण त्याने केलेला बदल लहान नव्हता. सेनापती, शिपाई, रसायनशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश यांना एकच तारा: पाच बाहूंचा, पांढऱ्या मीनाकामाचा, लाल फितीला लावलेला. त्याची पहिली वाटणी १५ जुलै १८०४ रोजी अँव्हालिदच्या चर्चमध्ये झाली. स्त्रियांना मात्र बराच काळ वाट पाहावी लागली. चित्रकार रोझा बोनर हिला १८६५ मध्ये तो मिळाला, तेव्हा सम्राज्ञी युजेनी स्वतः तिच्या घरी तो घेऊन गेली होती.

पायऱ्या पाच आहेत, आणि रोजच्या कपड्यांवर कोणी तारा लावून फिरत नाही. सर्वांत खालच्या पायरीवरचा मानकरी कोटाच्या काजात फक्त लाल फितीची बारीक रेघ लावतो. त्यावरच्या पायरीला तिथे लहानसे लाल फूल येते. हे वाचले आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. आई बराच वेळ तोंडाला पदर लावून हसत होती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. सरकार सन्मान देते, पण तारा मानकऱ्याने पदरचे पैसे खर्चून विकत घ्यायचा असतो! ज्यांनी तो घेतलाच नाही, त्यांची यादीही भारदस्त आहे. चित्रकार कूर्बेने १८७० मध्ये तो नाकारला, संगीतकार राव्हेलने १९२० मध्ये. पिएर क्यूरींनी कळवले की मला पदकाची गरज भासत नाही, प्रयोगशाळेची मात्र नितांत आहे. आपल्याकडच्या मानकऱ्यांत लता मंगेशकर आहेत आणि जे. आर. डी. टाटाही, ज्यांचा जन्मच पॅरिसचा. तू रोज त्या स्टेशनावरून जातेस, तेव्हा एखाद्या शनिवारी उतर. आमचे दोन तास गेले. तुझी चाल पाहता तुला सव्वा तास पुरेल. परदेशी मानचिन्हांच्या पेट्या शेवटी उरकू नकोस, आम्ही ती चूक केली.

घरी आल्यावर मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तुझे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, हे तुला ठाऊक आहे. त्या मोहिमेचे त्यांचे पदक, बर्मा स्टार, तू पाहिलेले नाहीस, कारण त्यांनी ते आम्हालाही फारसे दाखवले नाही. आपल्या जिल्ह्यात घरोघरी अशा पेट्या आहेत, त्यामुळे त्याचे विशेष वाटण्याचे कारणही नव्हते. पंधरा ऑगस्टला शाळेच्या मुख्याध्यापकांनी आग्रह केला, की ते "पुढच्या वर्षी" म्हणत. पितळी रंगाचा सहा टोकांचा तारा अजून ठणठणीत आहे. फीत मात्र पार विरली आहे. मधला लाल पट्टा तेवढा ओळखू येतो, कडांचा निळा कुठे आहे आणि कुठे नाही. आईचे म्हणणे, मुंबईहून तशीच नवी फीत मागवावी आणि तारा चौकटीत बसवून बैठकीत लावावा. माझे मत, फीत तीच राहू द्यावी आणि तारा पेटीतच असावा. तीन दिवस तो जेवणाच्या टेबलावर आहे, आणि आम्ही मिठाची बरणी त्याच्या बाजूने सरकवतो. तुझे मत सविस्तर कळव.

तुझा,
बाबा