आईचं नेट

प्रिय शुभे,

फोनवरच सांगितलं असतं, पण तू मध्येच हसत सुटली असतीस आणि मुद्दा राहिला असता. म्हणून लिहितेय. आम्ही सगळे बरे. पाठ दुखते, ती दुखतेच.

आई ताईकडे निघालीय, एकटी. इस्तंबूलला विमान बदलायचं, मग जिनिव्हा. तिकीट, व्हिसा, विमा सगळं झालं. अडलंय ते तिच्या फोनच्या नेटवर. "मला नेट नको. पत्ता कागदावर लिहून दे, ताई न्यायला येणारच आहे," एवढं बोलून विषय संपवते.

मी मात्र रात्र रात्र जागून सगळं शोधून ठेवलंय. 'युरोप'चा पॅक घेतला म्हणजे युरोप मिळाला असं नाही, बरं का. युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम १५ जून २०१७ पासून तिथल्या दुसऱ्या देशात जादा पैशांशिवाय चालतं. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही आणि तुर्कस्तानही नाही. म्हणजे माझा जीव जिथे टांगणीला लागणार, नेमके तेच दोन देश कित्येक पॅकांत नसतात! त्यात ताईचं घर सीमेला लागून फ्रान्समध्ये. तिच्या स्वयंपाकघरात फोन स्विस होतो आणि बाहेरच्या खोलीत फ्रेंच. त्यामुळे देशांची अख्खी यादी वाचून तिन्ही नावं असलेला पॅक शोधला.

ई-सिमच घेणार आहे, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम. *#०६# दाबल्यावर आईच्या फोनवर ईआयडीचे, म्हणजे ई-सिमच्या ओळख क्रमांकाचे, ३२ आकडे आले, म्हणजे फोनला चालतं. ते इथेच वायफायवर बसवायचं, कारण ते बसवायलाच नेट लागतं. तिथे उतरून बसवू म्हटलं, तर बऱ्याच विमानतळांवरचं फुकट वायफाय आधी मोबाइलवर कोड पाठवतं, तो आला नाही की अडलंच. ई-सिम बसवायचा क्यूआर कोडही बहुधा एकदाच चालतो, म्हणजे "हे काय नको ते आलंय" म्हणत तिने पुसून टाकलं की संपलं. पुसापुशीची तिची हौस तुला ठाऊक आहे. जुनं सिम काढायचं नाही, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. फक्त त्याचं डेटा रोमिंग बंद आणि ई-सिमचं चालू. हे सगळं नीट लिहून तिच्या हातात दिलं, तर म्हणाली, "कागदावरच लिहायचं होतं, तर पत्ता का नाही लिहिलास?"

हसू नकोस. "दोघींत एक सिम पुरे" हे प्रागला तूच म्हणाली होतीस. तू दहा पावलं पुढे गेलीस की माझा नकाशा थिजायचा. आणि पुलावर भांडून तू तरातरा निघून गेलीस, ती नेट घेऊन! लोकांना विचारत विचारत मी हॉटेल गाठलं, तर तू वर मलाच म्हणालीस, "पोचलीस ना?" त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. आई आता अगदी त्याच सुरात बोलतेय.

खरं सांगू? तिला हे सगळं कळतं. फोन तिला आपल्या दोघींपेक्षा बरा वापरता येतो. काल तिने सरळच विचारलं, "नेट मला हवंय की तुला?" मी म्हटलं, तू कुठे चुकलीस तर? तर म्हणाली, "बाबा गेल्यापासून तू मला त्या नकाशावर सारखी बघत असतेस, ते मला कळतं. इस्तंबूलला तरी नको बघूस."

यावर काय बोलणार? मला तर रागच आला. लोकेशन तिला विचारूनच चालू केलं होतं. आणि बाबा गेले त्या संध्याकाळी तू माझ्याबरोबर होतीस. तेव्हापासून कुणाचा फोन लागला नाही की माझं काय होतं, हे ताईलाही सांगता येत नाही. आईला वाटतं, मी तिच्यावर भरवसा ठेवत नाही.

आता तडजोड अशी: ई-सिम बसवून बंद ठेवते. मी घेतलेल्या पॅकची मुदत तिथल्या नेटवर्कला जोडल्यावरच सुरू होते, त्यामुळे पैसे बुडत नाहीत. गरज वाटली तर ती चालू करेल. विमानात मात्र एअरप्लेन मोड काढायचा नाही, ही शपथ घातलीय. काही विमानांत उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं, नेहमीच्या पॅकांत ते सहसा धरलेलं नसतं आणि बिल भलतंच येतं. हे तिला लगेच पटलं. पैशाचं पटतंच.

तुझ्या बदलीचं काय झालं? सासूबाईंचा गुडघा? धाकटा अजून गिटारच्या मागे आहे का? सगळं सविस्तर कळव, मी घाईत आहे.

आणि आईला एक फोन कर. तुझं ती ऐकते, का ते देव जाणे. लोकेशनचा विषय काढू नकोस. जिनिव्हाला उतरल्यावर नेट चालू करीन, एवढंच तिच्याकडून वदवून घे. इस्तंबूलचं मी सोडून दिलंय. जवळजवळ.

तुझी,
वसू

ता. क. प्रागच्या त्या सिमचे अर्धे पैसे मी दिले होते. उगाच नाही म्हणू नकोस.