वायतुऱ्याचे कंद सड्यावरच राहू द्या

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुरलेल्या मत्स्यपालकांसाठी अवघड मासे आणि पाणवनस्पतींची यादी आली आहे. दिवे, चिलर, सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर यांचा हिशेब लेखकाने चोख मांडलाय. पण त्या यादीत डिस्कस या गोड्या पाण्यातल्या माशाच्या शेजारी समुद्रघोडा बसवला आहे, आणि शेवटी ‘ऑक्टोबरात कासहून वायतुऱ्याचे कंद मिळवता आले तर उत्तमच’ असं एक वाक्य सहज लिहून टाकलं आहे. वायतुरा ही आमच्या कास पठारावरची पाणवनस्पती. मी साताऱ्याची. ते वाचून गप्प बसवेना.

एका महाविद्यालयात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत मी निवृत्त झाले. घरात पाणवनस्पतींच्या टाक्या आहेत, त्यामुळे अवघड म्हणजे काय ते रोज बघते. डिस्कस अवघड खराच. त्याला 28 ते 30 अंशांचं, सुफेन (कमी क्षारांचं) आणि किंचित आम्ल पाणी लागतं आणि त्या उबेत निम्म्याहून जास्त वनस्पती माना टाकतात. पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा स्राव खाऊन वाढतात, त्यामुळे जोडी बिथरली की पिल्लं गेलीच म्हणायची. पण बाजारातला रंगीबेरंगी डिस्कस कित्येक पिढ्या मत्स्यशेतीत वाढलेला असतो. तो पाळताना कुणी हरला तर मासा जातो, पैसा जातो. ॲमेझॉनमधला ओहोळ काही रिकामा होत नाही.

समुद्रघोड्याचं तसं नाही. 2001 मध्ये तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला, म्हणजे वाघाच्या पंगतीत. प्रवाळही तिथेच. समुद्रघोड्याला जठर नसतं, त्यामुळे दिवसातून अनेकदा बारीक जिवंत खाद्य द्यावं लागतं, हे लेखात बरोबर आहे. पण त्याची विक्री हा गुन्हा आहे, ही ओळ यादीच्या आधी यायला हवी होती. क्लाउनफिश ज्यात राहतो त्या समुद्रफुलाबद्दल (सी ॲनिमोनी) एवढंच सांगते की ते जागा बदलत सरकतं, पंपात अडकतं आणि कुजलं तर टाकीभर पाणी नासवतं. क्लाउनफिश त्याच्याशिवाय सुखात राहतो. त्याची पैदास आपल्याकडेही होते, ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाचं केंद्र आहे. हौस तिथून भागवावी.

आता कास. मादागास्करची ती जाळीदार पानांची वनस्पती लेखात आहे. तिच्या पानात शिरांमधला गर जवळजवळ नसतोच, नुसती जाळी. ती ज्या ॲपोनोजेटॉन कुळातली, त्याच कुळातला आपला वायतुरा. शास्त्रीय नावातच सातारा आहे, ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. 1982 मध्ये त्याची नवी जात म्हणून नोंद झाली. सह्याद्रीतल्या मोजक्या उंच सड्यांपलीकडे, म्हणजे कातळी पठारांपलीकडे, तो जगात कुठे नाही. जाळीदार वनस्पती रोपवाटिकेतून मिळते, माझ्याकडेही आहे. ती नेमकी कशामुळे मरते? उन्हाळ्यातल्या गरम पाण्याने, आणि विश्रांती मिळाली नाही म्हणून. कंद थंडाव्यात झोपवला नाही तर तो दर वेळी लहान लहान पानं काढत जातो आणि एक दिवस मऊ पडतो.

वायतुऱ्याची झोप याहून लांब. कासचा सडा सुमारे 1,200 मीटरवर, जांभ्या दगडाचा. माती वीतभरसुद्धा नाही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खळग्यांत पाणी साठतं, कंद जागा होतो, पानं येतात, फुलतो, बी धरतो. पाऊस ओसरला की डबकी आटतात आणि पुढच्या जूनपर्यंत कंद तापलेल्या कोरड्या मातीत पडून राहतो. पाणी शुद्ध पावसाचं, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. हे सगळं बैठकीतल्या बारमाही भरलेल्या, 26-27 अंशांच्या टाकीत कसं आणणार? वर बोअरचं पाणी. आमच्या गल्लीतल्या बोअरचं पाणी मी प्रयोगशाळेत तपासायची, दुष्फेनता लिटरला 300 मिलिग्रॅमच्या पुढे जायची. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तिथे वायतुऱ्याने काय करावं! साठवलेल्या अन्नावर कंद एकदा पानं काढेल, त्याचे फोटो निघतील, आणि मग तो कुजेल.

‘तज्ज्ञांसाठी’ हा शब्द यादीवर लावला की जोखीम घेणाऱ्याची, असं आपण समजतो. इथे जोखीम घेणाऱ्याची नाहीच. कासवर फुल तोडायलाही मनाई आहे, 2012 पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि पुरवणी मात्र कंद उकरायचा महिना सांगते. तोही बी गळून गेल्यावरचा, जेव्हा सड्यावर गर्दी ओसरलेली असते.

ज्यांना खरंच हात आजमावायचाय त्यांनी इरिओकॉलॉन घ्यावं. कासवर पांढरा गालिचा करणारा गेंद याच कुळातला. त्याच्या काही जाती टिश्यू कल्चरच्या बंद डबीत मिळतात, सड्यावरून काही उपटावं लागत नाही. पाण्याचा सामू (पीएच) साडेसहाच्या आत, कार्बोनेट जवळपास शून्य, भरपूर प्रकाश आणि सीओटू. मी त्यासाठी छतावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवते. यातलं एक जरी चुकलं तरी मधला कोंब वितळतो, आणि त्यानंतर काही करता येत नाही. अवघडपणाची एवढी हौस कुणालाही पुरावी.

सप्टेंबर संपत आलाय. खुलासा येत्या रविवारीच, आणि पुरवणीत त्याच पानावर छापावा, ही विनंती.

— एक वाचक, सातारा
(नाव छापू नये. लोक रोपांचे तुकडे मागायला दारात येतात.)