स्वीडिश नटांची ओळख रंगभूमीपासून करून द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या स्वीडिश चित्रपटांचा विषय आपल्याकडे निघाला की तो ग्रेटा गार्बोपासून सुरू होतो आणि इंग्रिड बर्गमनपाशी संपतो. बाकीच्यांच्या वाट्याला ‘काही काळ हॉलिवूडमध्ये होते’ एवढी ओळ येते. लेखांत हे दिसते, तसेच पुण्यात अधूनमधून होणाऱ्या मूकपटांच्या खेळांआधीच्या प्रास्ताविकातही. ही मंडळी आधी नाटकवाली होती आणि त्यांतली बरीचशी शेवटपर्यंत नाटकवालीच राहिली. ते सांगितल्याशिवाय त्यांच्या पडद्यावरच्या कामाचा उलगडा होत नाही.

स्टॉकहोममधल्या ‘ड्रामाटेन’ या राष्ट्रीय नाट्यगृहाची आजची इमारत फेब्रुवारी 1908 मध्ये स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गच्या नाटकाने उघडली. नाटकांचा हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपे, आणि उन्हाळ्यात नट मोकळे असत. चित्रपटवाल्यांनाही उन्हाळाच हवा होता. सुरुवातीची चित्रणे बव्हंशी सूर्यप्रकाशावर चालत आणि जूनमध्ये स्टॉकहोमला अठरा तास उजेड असतो, डिसेंबरात जेमतेम सहा. त्यामुळे स्वेन्स्का बिओ या चित्रपट कंपनीने 1912 मध्ये शहराजवळच्या लिडिंग्यो बेटावर काचेचा स्टुडिओ उभारला तेव्हा तिला रंगभूमीवरचे कसलेले नट आयतेच मिळाले. हिवाळाभर स्ट्रिंडबर्ग, इब्सेन, शेक्सपिअर करणारा माणूस उन्हाळ्यात कॅमेऱ्यापुढे उभा राही.

याचा परिणाम पाहायचा असेल तर 1913 चा ‘इंगेबोर्ग होल्म’ पाहावा. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच वर्षीचा. तिथे तारामतीचे काम साळुंके या पुरुषाने केले होते. इथे नायिका आहे ड्रामाटेनची मुरलेली अभिनेत्री हिल्डा बोर्गस्ट्रोम. नवरा वारलेला, दुकान बुडालेले आणि मुले परक्या घरी सांभाळायला दिली जात आहेत. या ताटातुटीच्या प्रसंगात बोर्गस्ट्रोम कॅमेऱ्याकडे पाठ करते. छाती बडवणे नाही, वर आकाशाकडे पाहणे नाही. खांदे आणि मान यांवर सारे काम भागवले आहे. दिग्दर्शक व्हिक्टर शोस्ट्रोम स्वतः रंगमंचावरचा नट होता, म्हणूनच त्याला अशा पाठमोऱ्या अभिनयावर विसंबता आले. या चित्रपटामुळे स्वीडनमध्ये गरिबांसाठीच्या कायद्यावर मोठा वाद झाला.

शोस्ट्रोम 1923 मध्ये अमेरिकेला गेला, हे सगळे सांगतात. तिथून परतल्यावर तो पुन्हा मुख्यतः नट झाला आणि वयाच्या 78 व्या वर्षी दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’मध्ये मुख्य भूमिका केली, हेही सांगायला हवे. लार्स हान्सनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. लिलियन गिशबरोबरच्या ‘द विंड’मुळे (1928) तो परिचित आहे, आणि आपल्याकडची टिपणे तिथेच थांबतात. बोलपट सुरू होण्याच्या सुमारास तो मायदेशी परतला आणि पुढे कितीतरी वर्षे रंगभूमीवर गाजला. फेब्रुवारी 1956 मध्ये युजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इनटू नाइट’चा जगातला पहिला प्रयोग ड्रामाटेनवर झाला, त्यात जेम्स टायरोन हान्सननेच उभा केला. तेव्हा तो 69 वर्षांचा होता. अशा माणसाला ‘बोलपटांमुळे मागे पडलेला’ म्हणणे अन्यायाचे आहे.

गोस्टा एकमनने 1926 मध्ये जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाऊच्या चित्रपटात फाउस्टची भूमिका केली. म्हातारा आणि तरुण, दोन्ही रूपे त्याचीच, आणि तो तेव्हा पस्तिशीत होता. कोकेनच्या व्यसनाने पोखरलेला हा नट जानेवारी 1938 मध्ये, पन्नाशीही न गाठता गेला.

शोस्ट्रोमच्या ‘द फॅन्टम कॅरेज’बद्दल थोडे जास्त लिहितो, कारण पुण्यात दाखवला जाण्याचा योग त्याचाच अधिक येतो. तो 1 जानेवारी 1921 रोजी प्रदर्शित झाला. त्यातली भुते प्रयोगशाळेत जोडलेली नाहीत, छायाचित्रकार युलियस यान्सोनने ती कॅमेऱ्यातच बनवली. आधी प्रसंग टिपायचा, तेच निगेटिव्ह उलटे गुंडाळायचे आणि भुताचे काम करणाऱ्या नटाला त्याच पट्टीवर पुन्हा टिपायचे. काही ठिकाणी अशी चार आवर्तने आहेत. तिसऱ्या खेपेला कुणी अर्धे पाऊल चुकला तर आधीची सगळी मेहनत वाया. त्यातले नट शोस्ट्रोम आणि तोरे स्वेनबर्ग एकमेकांकडे बघून बोलताना दिसतात, त्यामागे मोजून बसवलेल्या जागा आणि ताल आहेत. हे काम तालमींची सवय असलेल्या नटांनाच जमणारे होते.

इतका संयमी अभिनय चुकीच्या वेगाने दाखवला की मातीमोल होतो. कॅमेऱ्याचे हँडल सेकंदाला दोनदा फिरवले की 16 चौकटी टिपल्या जात. आजचा वेग 24 चा आहे. 35 मिलिमीटरच्या एक फूट फिल्मवर 16 चौकटी असतात, म्हणजे हजार फुटांचे रीळ 16 च्या वेगाने 16 मिनिटे 40 सेकंद चालते आणि 24 च्या वेगाने 11 मिनिटांतच उरकते. मग बोर्गस्ट्रोमचे वळणे झटका होते आणि प्रेक्षक हसतात. प्रेक्षकांचा त्यात काही दोष नाही.

संगणकावरून दाखवताना एकेक चौकट पुढे सरकवून पाहावी. दर तिसरी चौकट आधीचीच दिसली तर फाइल 16 साठी आधीच दुरुस्त केलेली आहे, दर चौथी तशी दिसली तर 18 साठी. अशा फाइलला हात लावू नये. एकही चौकट पुन्हा येत नसेल आणि माणसे पळाल्यासारखी चालत असतील तर प्लेअरचा वेग 0.67 वर आणावा, 18 साठी 0.75. सगळे चित्रपट एकाच वेगाने टिपलेले नसतात, तेव्हा चालणारी माणसे, घोडागाडी आणि धूर यांवरून निर्णय घ्यावा. वेग कमी केल्यावर सोबतचे ध्वनिमुद्रित संगीत रेंगाळते, म्हणून ते बंद करून पेटी किंवा व्हायोलिन प्रत्यक्ष वाजवावे. पुण्यात वादकांची वाण नाही.

उरलेल्या प्रती थोड्या आहेत, म्हणून हा आग्रह. मूकपटांच्या काळातली नायट्रेट फिल्म जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते आणि पाण्याखालीही विझत नाही. 1941 मध्ये स्टॉकहोमला साठ्याचा स्फोट होऊन स्वेन्स्का बिओची बहुतेक मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. जानेवारी 2003 मध्ये पुण्यातही नायट्रेट रिळांना आग लागली होती, त्यामुळे या हानीची कल्पना इथल्या वाचकांना वेगळी द्यायला नको.

आयोजकांना आणखी एक सुचवतो. माहितीपत्रकात नटाच्या नावापुढे त्याचे नाट्यगृह, चित्रपटाचे वर्ष आणि खेळाचा वेग छापावा. स्वीडिश मजकुराच्या पाट्यांचा मराठी अनुवाद एका व्यक्तीने माइकवरून वाचावा. त्याला पाट्यांची क्रमवार यादी आधी द्यावी, एक तालीम घ्यावी आणि चेहरा पडद्यावर परत येण्याआधी वाक्य संपेल इतके ते छोटे करावे.

आपला,
एक चित्रपटप्रेमी वाचक, एरंडवणे, पुणे