खुले पत्र : आमटीचा जाब माझ्याकडे, डब्याचा कोणाकडे?

प्रति,
माननीय मंत्री,
अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : खाद्यपदार्थ बांधून देण्याच्या साहित्याची सुरक्षितता आणि तिची जबाबदारी.

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

पुण्यातल्या एका पेठेत मी गेली १९ वर्षे पोळी-भाजी केंद्र चालवते. संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत माझ्याकडून पोळ्या, एक रस्साभाजी, एक सुकी भाजी आणि आमटी बाहेर जाते. पूर्वी गिऱ्हाईक घरून डबा घेऊन येई. आता यातला बराचसा भाग मी विकत आणलेल्या डब्यांत आणि पिशव्यांत भरून जातो. तूरडाळ कुठली, तेल कोणते, हळद कोणाकडून दळून आणली, हे मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. ज्या डब्यात ती आमटी ओतते तो डबा कशाचा आहे, हे मात्र इतक्या वर्षांनंतरही मला खात्रीने सांगता येत नाही, आणि म्हणूनच आपल्याला हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी घाऊक बाजारातून मी पारदर्शक डब्यांचा एक गठ्ठा आणला. नेहमीच्या डब्यांपेक्षा स्वस्त, दिसायला लखलखीत, आणि झाकणावर इंग्रजीत ‘फूड ग्रेड’ असे ठसठशीत उमटवलेले. पहिल्याच संध्याकाळी कढत आमटी ओतल्याबरोबर डब्याचे बूड आकसले आणि कडा वाकड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी तो वाकडा डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा दुकानदार अगदी शांतपणे म्हणाले, “ताई, हा सॅलडचा डबा. यात गरम कशाला ओतलंत?” तो डबा पेट या प्लास्टिकचा होता आणि ते सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते, तर गरम पदार्थांसाठी सहसा वापरतात ते पॉलिप्रॉपिलीन वितळायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. ही माहिती मला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाचीने दिली. डब्यावर ती कुठेही नव्हती. तो डबा निदान वाकला, त्यामुळे माझ्या लक्षात तरी आले. जो डबा वाकत नाही आणि तरीही अन्नात काही सोडतो, तो ओळखण्याचे माझ्याकडे काहीच साधन नाही.

त्यानंतर मी कायदा वाचायला घेतला. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यातल्या ‘असुरक्षित अन्न’ या व्याख्येत पदार्थाइतकेच त्याचे वेष्टनही मोजले आहे. वेष्टन अपायकारक द्रव्याचे असेल तर आतले अन्न असुरक्षित ठरते. याच कायद्याखाली केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) केलेले २०१८ चे पॅकेजिंगविषयक विनियम १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. अन्नाला थेट लागणारे वेष्टन मानकांप्रमाणे आहे, असे एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र अन्न व्यावसायिकाने मिळवले पाहिजे, असे त्यांत म्हटले आहे. अन्न व्यावसायिक म्हणजे मी, कोपऱ्यावरचा वडापाववाला आणि समोरचा चहावाला. मी ते प्रमाणपत्र दुकानदाराकडे मागितले, तर त्यांना ते विनोदाने विचारल्यासारखे वाटले. त्यांनी मला जे दिले होते ते साधे कच्चे बिल होते, आणि त्यावर ‘डबे, ५०० नग’ यापलीकडे काहीही लिहिलेले नव्हते.

मंत्रिमहोदय, अडचणीचे मूळ इथेच आहे. डबा बनवणारा कारखाना आणि तो विकणारा घाऊक व्यापारी अन्न विकत नाहीत, म्हणून अन्नाच्या कायद्याची पकड त्यांच्यावर बसत नाही. ती बसते ती आमटी वाढणाऱ्या हातावर. ज्याला प्लास्टिकची जात ठाऊक आहे त्याला कोणी विचारत नाही, आणि जिला ती ठाऊक असण्याचा काही संभव नाही तिच्याकडे मात्र प्रमाणपत्र मागण्याची सोय कायद्याने करून ठेवली आहे.

वेष्टनातून अन्नात काय उतरते, हा प्रश्न हवेतला नाही. ते मोजायची पद्धत आपल्याकडे आहे. एक किलो अन्नात वेष्टनातून उतरणाऱ्या सर्व द्रव्यांची एकूण मर्यादा ६० मिलिग्रॅम ठरवलेली आहे, आणि आयएस ९८४५ या भारतीय मानकात ती तपासण्याची रीत दिलेली आहे. प्रत्यक्ष अन्नाऐवजी त्याच्या जागी पाणी, तीन टक्के ॲसिटिक आम्ल, अल्कोहोलचे द्रावण किंवा तेलकट पदार्थांसाठी हेप्टेन हा तेलासारखा द्रावक अशी द्रावणे ठराविक तापमानाला ठराविक वेळ वेष्टनात ठेवतात आणि त्यांत काय उतरले ते मोजतात. द्रावणे वेगवेगळी घ्यावी लागतात, कारण आंबट पदार्थ एक गोष्ट ओढून घेतो, तर तेलकट पदार्थ दुसरी, आणि उष्णतेने दोहोंचा वेग वाढतो. आता आपली चिंच-गुळाची आमटी घ्या : आंबट, वर फोडणीचे तेल, शिवाय कढत. तिन्ही गोष्टी एका वाटीत. मिसळीच्या तर्रीबद्दल तर बोलायलाच नको.

कागदाचा कप निर्धोक, असा एक समज मध्यंतरी पसरला होता. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा कागदात मुरला असता. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये अशा कपांत ८५ ते ९० अंशांचे १०० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटे ठेवून पाहिले, तेव्हा त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण आढळले. हे कण पोटात जाऊन नेमके काय करतात यावर अजून अभ्यास चालू आहे, आणि मला लोकांना घाबरवायचे नाही. पण दिवसातून चार कटिंग घेणाऱ्या माणसाला आपण चहाबरोबर काय पितो हे कळायला हवे, एवढे तरी म्हणता येईल.

रद्दीची गोष्ट याहून जुनी. तळलेले पदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत असा इशारा केंद्रीय प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला, नंतरच्या विनियमांत वर्तमानपत्राला मनाई केली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. छपाईच्या शाईत खनिज तेले आणि रंगद्रव्ये असतात, आणि कढईतून नुकत्याच निघालेल्या वड्याच्या तेलात ती सहज उतरतात. तरीही आज आपण मंत्रालयाच्या बाहेर पडून कोणत्याही दिशेला दहा मिनिटे चाललात, तर अग्रलेखात गुंडाळलेला वडापाव आपल्याला नक्की दिसेल. त्या गाडीवाल्याला मी दोष देणार नाही. रद्दी किलोने मिळते, कोरा कागद तिच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि त्याच्या मालाचा नफा रुपया-दोन रुपयांत मोजला जातो. बंदीचे पत्रक त्याच्यापर्यंत पोहोचले; परवडणारा कोरा कागद पोहोचला नाही.

बंदीचा आपल्या राज्याचा अनुभव मोठा आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात प्लास्टिकच्या पिशव्यांनी मुंबईची गटारे तुंबल्याचे सर्वांनी पाहिले, आणि पुढे २००६ चा अविघटनशील कचरा नियंत्रण कायदा आला. त्याच कायद्याखाली २३ मार्च २०१८ ची प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना निघाली : पहिल्या गुन्ह्याला ५,०००, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद. प्लास्टिकचा थर दिलेले कागदी कप आणि ताटल्या राज्याने जुलै २०२२ मध्ये बंद केल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपोस्ट होणाऱ्या साहित्याला प्रमाणपत्राच्या अटीवर सूट दिली. हे सगळे पर्यावरण विभागाचे काम, आणि त्याचा हेतू चांगलाच आहे. मात्र तो विभाग वस्तूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतो. पिशवी जाड असली की ती कचरावेचकाला उचलायला परवडते, हे खरे आहे. पण तीत ओतलेल्या गरम चहात काय उतरते, हे जाडीवरून कळत नाही. कंपोस्ट होणारी पिशवीसुद्धा कारखान्यातल्या नियंत्रित उष्णतेत कुजते. ओढ्यात किंवा गडाच्या पायवाटेवर टाकली तर ती बराच काळ तशीच पडून राहते. एक विभाग वापरानंतरचा विचार करतो आणि आपला विभाग आतल्या अन्नाचा. वापराच्या त्या अर्ध्या तासात अन्न आणि वेष्टन एकमेकांना चिकटलेले असताना जे घडते, ते दोघांच्या मधल्या फटीत राहून जाते.

पुष्कळ लोक मला सांगतात, पत्रावळीकडे वळा. पळसाची पत्रावळ मला मनापासून आवडते. पंगतीत तिच्यावर गरम भात पडला की येणारा वास कोणत्याही डब्याला येणार नाही. पण पातळ आमटी द्रोणात घालून स्कूटरवरून कोथरूडला नेता येत नाही. शिवाय पानांत ओल राहिली तर बुरशी धरते, तेव्हा पत्रावळीलाही तपासणी हवीच. आणि लग्नाच्या बाजारात ‘पत्रावळ’ या नावाने आज जे विकले जाते, ते पुष्कळदा चंदेरी मुलामा दिलेला कागद असतो. पान म्हणजे पवित्र आणि प्लास्टिक म्हणजे पाप, अशी सरळ वाटणी मला करता येत नाही. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन त्यात रवा भरून ठेवणाऱ्या घरात मी वाढले आहे, त्यामुळे चांगल्या डब्याची किंमत मलाही कळते.

म्हणून मी आणखी एका बंदीची मागणी करत नाही. अन्नासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर, पिशवीवर किंवा निदान गठ्ठ्यावर ती वस्तू कशाची आहे, किती तापमानापर्यंत आणि कोणत्या प्रकारच्या पदार्थांसाठी चालेल, ती कोणी बनवली, एवढे मराठीत छापणे बंधनकारक व्हावे, आणि प्रमाणपत्राची पहिली जबाबदारी बनवणाऱ्यावर व घाऊक विक्रेत्यावर यावी. विनियम केंद्राचे आहेत हे मला माहीत आहे. पण महाराष्ट्राने हा बदल प्राधिकरणाकडे लेखी मागितला तर त्याला वजन असेल. तोपर्यंत आपल्या अखत्यारीत जे आहे ते थांबायला नको. राज्यातल्या मोठ्या घाऊक बाजारांतून डबे, कप आणि पिशव्यांचे नमुने पर्यावरण विभागाबरोबर मिळून घ्यावेत, ते शासकीय प्रयोगशाळांत तपासावेत, आणि निष्कर्ष उत्पादकाच्या नावासह सर्वांना पाहता येतील असे प्रसिद्ध करावेत. मला स्वतःला तपासणी परवडणार नाही, कारण तिचा खर्च माझ्या गठ्ठ्याच्या किमतीहून जास्त असतो. प्रसिद्ध झालेली यादी मात्र मी फुकट वाचू शकते आणि तिच्याप्रमाणे माल घेऊ शकते. गेल्या पाच वर्षांत अन्नाचे नमुने किती आणि वेष्टनाचे नमुने किती तपासले गेले, हा आकडाही त्याच यादीच्या वर छापावा.

दुसरी विनंती गिऱ्हाइकाच्या घरच्या डब्याविषयी आहे. मुंबईचे डबेवाले १८९० पासून जेवण पोहोचवतात आणि रिकामा डबा संध्याकाळी घरी परत जातो. या व्यवस्थेत फेकण्यासारखे काही उरत नाही. माझ्याकडेही स्टीलचा डबा आणणाऱ्याला मी पाच रुपये कमी लावते. पण अनेक हॉटेलवाले घरचा डबा घेत नाहीत, कारण उद्या कोणाचे पोट बिघडले तर दोष आपल्यावर येईल, ही भीती. स्वच्छ डब्यात पदार्थ भरून देता येतो, आणि तो डबा स्वच्छ असण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची, एवढे स्पष्ट करणारे एक परिपत्रक आपल्या आयुक्तांकडून निघाले तरी ही भीती बरीच ओसरेल.

शासनाच्या स्वतःच्या हातातली ठिकाणेही आहेत : एसटी स्थानकांवरची उपाहारगृहे, शासकीय कार्यालयांतली कॅन्टीन, आणि आषाढी वारीची वाट, जिथे लाखो माणसे रस्त्याच्या कडेला उभ्याने खातात. तिथे पळसाच्या तपासलेल्या पत्रावळी आणि कोरा कागद बचत गटांकडून खरेदी झाला, तर त्यांना मोठे गिऱ्हाईक मिळेल आणि भावही खाली येतील. मग तोच कागद वडापावच्या गाडीवरही दिसू लागेल.

या पत्राची एक प्रत मी आपल्या कार्यालयाला टपालाने पाठवत आहे. तिच्यासोबत घाऊक बाजारातून गेल्या आठवड्यात आणलेले तीन डबे जोडले आहेत : एक पारदर्शक, एक पांढरा आणि एक काळा. तिघांवरही ‘फूड ग्रेड’ लिहिले आहे. आपल्या प्रयोगशाळेत ते तपासून, कोणत्या डब्यात मी कढत आमटी ओतावी हे मला लेखी कळवावे, ही विनंती. उत्तर येईल त्या दिवसापर्यंत मी आमटी फक्त घरचा डबा आणणाऱ्यालाच देणार आहे, आणि तशी पाटी दुकानावर लावली आहे.

आपली विश्वासू,
पोळी-भाजी केंद्र चालवणारी एक नागरिक,
पुणे