विजेचा शेक आणि खोक्यावरचा आकडा

माननीय संपादक महोदय,

सांधेदुखीवर शेक देणारे विजेचे पट्टे हल्ली औषधांच्या दुकानांत आणि ऑनलाइन सर्रास मिळतात. त्यांपैकी नव्या प्रकारच्या पट्ट्यांत जाड तारेचे वेटोळे नसते. कापडात विणलेला चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागा, स्टेनलेस स्टीलचे तंतू किंवा कार्बनचे तंतूच तापतात, आणि त्यामुळे पट्टा मऊ, हलका व घडी घालता येण्याजोगा होतो. माझा या कापडाला विरोध नाही. माझी तक्रार आहे ती अशा एका पट्ट्याच्या खोक्यावर छापलेल्या ‘कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअस’ या आकड्याबद्दल. पदार्थविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हा आकडा दुकानातच खटकायला हवा होता. मला तो खटकला आईच्या पायाला फोड आल्यानंतर.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्या गुडघ्यासाठी हा पट्टा आणला. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि तिचा मधुमेह जुना आहे. एका रात्री घोटा ठणकत होता म्हणून तिने तोच पट्टा घोट्याभोवती गुंडाळला, पायांवर गोधडी ओढली आणि तिचा डोळा लागला. पट्टा पॉवर बँकेवर, म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा. शॉक बसण्याची भीती नाही, म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त होतो. सकाळी पाहिले तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूस रुपयाएवढा फोड होता, आणि तिला रात्रभर काही जाणवलेही नव्हते. गुडघ्याच्या मापाचा पट्टा बारीक घोट्याला लांब पडल्यामुळे त्याची दोन टोके जिथे एकमेकांवर आली होती, नेमका तिथेच तो फोड होता.

नंतर मी मल्टिमीटर लावून पाहिला. पट्ट्याचा रोध, म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा, सुमारे ३ ओहम भरला. विभवांतराचा (व्होल्टचा) वर्ग भागिले रोध, म्हणजे २५ भागिले ३, असा साधा हिशेब केला तर शक्ती ८ वॅटपेक्षा किंचित अधिक येते. विद्युतधारेमुळे किती उष्णता निर्माण होते याचा नियम ज्यूलने १८४१ मध्ये मांडला. परंतु त्या उष्णतेने कापड किती तापेल, हे तो नियम एकटा सांगू शकत नाही. निर्माण होणारी उष्णता आणि बाहेर निसटणारी उष्णता जिथे समसमान होतात तिथे तापमान स्थिरावते, आणि किती उष्णता निसटेल हे सभोवतालची हवा, वरचे पांघरूण आणि घड्या यांवर ठरते. तोच पट्टा २८ अंशांच्या खोलीत दोरीवर टांगला तेव्हा चार-पाच मिनिटांत ४६ अंशांच्या आसपास येऊन थांबला. गोधडीत गुंडाळून ठेवला तेव्हा सावकाश चढत चढत ६० च्या पुढे गेला. त्याची टोके एकमेकांवर आली, तर तेवढ्याच जागेत दुप्पट उष्णता निर्माण होते. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो दोरीवर टांगलेल्या पट्ट्याचा होता, आणि दोरीवर टांगून कोणी शेक घेत नाही. कापडाला स्वतःचे असे ठरलेले तापमान नसते, असतात ते वॅट. मात्र वॅटचा आकडा त्या खोक्यावर कुठेच नव्हता.

रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून केलेली अस्सल जर आपल्या शालूंत आणि पैठण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे; चांदीच्या मुलाम्याचा हा नवा धागा म्हणजे तिचाच लांबचा नातेवाईक. मात्र पदराची जर अंगावर मिरवायची असते. तिच्यातून धारा वाहायची नसल्यामुळे तिचा एखादा धागा विरला, तर बिघडते ती फक्त शोभा. तापणाऱ्या कापडात तसे नसते. एकच धागा असेल तर सर्वत्र धारा सारखीच वाहते आणि जिथे मुलामा झिजून रोध वाढला, तीच जागा सर्वांत जास्त तापते. समांतर धागे असतील तर उलटे घडते, कारण विभवांतर सारखे असल्यामुळे कमी रोधाचा धागा अधिक तापतो. ‘रोध जास्त म्हणजे उष्णता जास्त’ हे विद्यार्थी घोकतात ते यामुळेच अर्धवट ठरते. धागे एकमेकांना टेकलेल्या कापडाला चीर पडली, तर चिरेच्या टोकाशी धारेची दाटी होऊन तेवढाच ठिपका भाजू लागतो. विणलेल्या कापडात आणखी एक गोम आहे: फासे एकमेकांना किती घट्ट टेकतात यावर रोधाचा मोठा भाग ठरतो, आणि तोच पट्टा ताणून बांधला की वीण व ताणाची दिशा यांनुसार हा भाग कमी-जास्त होतो. कापड आणि वायर जोडणारे बटण सैल पडले, तर तिथेही रोध वाढून तीच जागा तापते. आमच्या पट्ट्याच्या बटणाभोवती तपकिरी डाग पडला होता. मी तो चहाचा समजत होतो.

आपल्या गोव्याच्या हवेत हे दोष लवकर उद्भवतात, असे मला वाटते. हवेतील गंधकाच्या संयुगांनी चांदी काळवंडते, घामातले आणि किनाऱ्यावरच्या हवेतले क्षार जोडांना खातात, आणि दगडावर आपटून धुण्याची आपली सवय कुठलाही मुलामा फार दिवस टिकू देत नाही. स्टेनलेस स्टील त्या मानाने चिवट असते. त्याची रोधकता चांदीच्या चाळीसहून अधिक पट असली तरी तापवण्याच्या कामात ती अडचण ठरत नाही. पावसाळ्यात ओलसर राहिलेला पट्टा आधी पाण्याची वाफ करण्यात उष्णता घालवतो, म्हणून ‘तापतच नाही’ असे वाटते, मग आपण बटण वरच्या टप्प्यावर नेतो आणि पट्टा सुकल्यावर ते तिथेच राहते.

त्वचेचे गणित वेगळे आहे. ४४ अंशांवरही सुमारे ६ तास सलग संपर्क राहिला तर त्वचा भाजते, आणि तिथून पुढे ५१ अंशांपर्यंत प्रत्येक अंशाला हा काळ जवळजवळ निम्म्याने घटतो. निरोगी माणूस झोपेतही चटका बसला की पाय ओढून घेतो. मधुमेहाने पायांची संवेदना बोथट झालेल्या माणसाला ते जमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले, आणि शेकाच्या पट्ट्यांची गरज याच घरांत जास्त असणार. गरम पाण्याची पिशवी किंवा तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी विसरली तरी आपसूक निवते. १०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेवर असा पट्टा तीन-चार तास न निवता चालतो.

उपाय अवघड नाहीत. अर्ध्या तासाने आपोआप बंद होणारा टायमर, कापडाला टेकलेला तापमान-संवेदक, किंवा तापताच प्रसरण पावून आतले कार्बनचे कण दूर सारणारे आणि त्यामुळे स्वतःचा रोध वाढवून घेणारे प्लास्टिकचे मिश्रण, हे सारे आज उपलब्ध आहे. तापणाऱ्या ब्लँकेट, गाद्या व कपड्यांसाठी आयईसी ६०३३५-२-१७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. भारतीय मानक ब्युरोने आणि राज्याच्या नागरी पुरवठा व ग्राहक व्यवहार खात्याने एवढे पाहावे, की अशा प्रत्येक वस्तूच्या खोक्यावर व्होल्ट आणि वॅट छापलेले असतील, तापमानाचा आकडा पांघरुणाखाली मोजलेला असेल, आणि ‘घडी घालून किंवा एकावर एक गुंडाळून वापरू नये, पायांची संवेदना कमी असल्यास डॉक्टरांना विचारावे’ ही सूचना मराठी व कोकणीतही असेल. आमच्या खोक्यावर ती इंग्रजीत होती, तळाच्या बाजूला, आणि वाचायला मला भिंग लागले.

आपला नम्र,
एक निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, फोंडा