काळूला तळ्यात सोडू नका

अंधेरी, रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

आई, काल तू फोनवर हळू आवाजात सांगितलंस ते डोक्यातून जात नाहीये. बाबांना आता बादली उचलवत नाही, म्हणून टाकी मोडायची आणि मासे देवळामागच्या तळ्यात सोडायचे. बाबा, थोडं थांबा. फोनवर तुम्ही ‘हो हो’ म्हणता आणि मनातलंच करता, म्हणून लिहितेय.

सहार विमानतळाच्या कार्गोत माझं काम कागदांचं, हे तुम्हाला माहीत आहे. पण गेल्या महिन्यात थर्माकोलच्या खोक्यांची एक खेप कस्टमने उघडली तेव्हा मी तिथेच उभी होते. कागदावर गप्पी आणि मॉली. वरच्या थरात ते होतेही. खाली मात्र एकेका पिशवीत एकेक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले वीतभर अरोवाना. घरात पैसा आणतो म्हणून शेजारचे अप्पा ज्याच्यासाठी जीव टाकतात, तोच मासा. आशियाई अरोवाना ‘साइट्स’ ह्या, धोक्यातल्या जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. परवाना घेऊन विकला जाणारा असेल तर त्याच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. ह्यांच्यात नव्हती.

मला वाटायचं, पकडले म्हणजे सुटले बिचारे. पंचनाम्यात त्यांचा झाला ‘मुद्देमाल’. सोन्याचा मुद्देमाल कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो. हा मुद्देमाल थोडंसं पाणी आणि वर भरलेला ऑक्सिजन, एवढ्यावर तास मोजत असतो. मासा पाण्यात सतत अमोनिया सोडतो. बंद पिशवीत त्याच्याच श्वासाने पाणी किंचित आंबट होतं, त्यामुळे तो अमोनिया फारसा बाधत नाही. आमच्या एका लोडरला दया आली. त्याने पिशवी कापली आणि त्याच पाण्यात हवेचा पंप सोडला. हवा लागल्यावर आंबटपणा उतरला आणि अमोनिया विखारी झाला. तासाभरात मासा आडवा. तो पोरगा दिवसभर जेवला नाही.

अशा माशांना शक्यतो आल्या देशी परत पाठवतात, खर्च विमान कंपनीच्या माथी. आधीच एका प्रवासाने अर्धमेले झालेले, त्यांना पुन्हा तेवढाच प्रवास. नाहीतर एखाद्या मत्स्यालयाने घ्यायचे. पण तारापोरवाला बंद आहे. (चर्नी रोडला उतरून तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात, बाबा. आत पोचेपर्यंत मला झोप लागलेली असायची!) आणि परक्या माशाबरोबर कोणता रोग येईल ह्याचा नेम नाही, म्हणून जागा असली तरी आधी त्याला वेगळं ठेवावं लागतं. काहीच जमलं नाही तर मारावं लागतं. त्यासाठी पाण्यात लवंगेचं तेल वापरता येतं. आई, तू दाढेला लावतेस तेच. मासा आधी सुस्तावतो, मग त्याचे कल्ले थांबतात.

पण इथल्या पाण्यात सोडून द्या, असं तिथे कुणीही म्हणत नाही. त्या खेपेतले जगले-वाचलेले रात्रीच्या विमानाने परत गेले. पोचल्यावर किती जिवंत होते हे कळवण्याची पद्धत नाही. माझ्या फायलीत फक्त एअरवे बिल आहे.

आता आपल्या काळूबद्दल. दिवसभर काचेला चिकटून शेवाळ चाटणारा आपला काळू म्हणजे सकर, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. उजनीच्या धरणात मच्छीमारांच्या जाळ्यात हल्ली हेच येतात. काट्यांनी जाळी फाटते, आणि बाजारात त्यांना गिऱ्हाईक नाही. असेच कुणाच्या तरी टाकीतून, चांगल्या मनाने सोडलेले असणार. 2023 मध्ये काश्मीरच्या दल सरोवरात मगरीसारख्या तोंडाचा ॲलिगेटर गार सापडला, तोही अमेरिकेतला. थाई मांगूरवर तर 2000 सालापासून बंदी आहे, तरी अजून सापडतो. मग जेसीबीने खड्डा खणून तो टनावारी पुरतात. आपल्या तळ्यात वाडीतली पोरं पावसाळ्यात गळ टाकून बसतात, त्यांच्या मरळ-खवल्यांत काळूचं कुटुंब वाढायला नको.

त्याला मारायचंही नाही, घाबरू नका. तेरा वर्षं झाली त्याला, मलाही ते जमणार नाही.

मी शनिवारी मांडवी एक्सप्रेसने येते. काळूला मुंबईला घेऊन जाईन, एका मैत्रिणीकडे मोठी टाकी आहे. गप्पी तुमच्याकडेच राहू देत, त्यांच्यासाठी लहान टाकी आणते. तिचं पाणी तांब्याने बदलता येईल, बसल्या बसल्या. गुरुवारपासून काळूला खायला घालू नका, कितीही तोंड वर करून आला तरी. उपाशीपोटी प्रवासात पाणी कमी खराब होतं.

आई, माळ्यावरची जुनी बर्फाची पेटी लागेल. अप्पांच्या मुलाला काढायला सांग. बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस.

तुमची,
मनू